दप्तरांपाशी कोण बसलं आहे

ताई गेली तेव्हा भेटायला आलेल्या बहुतेकांनी एकच शब्द वापरला. सुटली.

बाया आईजवळ बसून म्हणायच्या, "सुटली बिचारी." पुरुष माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "जाऊ द्या भाऊ, सुटल्या बाई." काही जण त्याही पुढे जाऊन आईला समजावत, "तुमच्या मागं कोनं केलं असतं तिचं? देवानं बरोबर केलं." मी सतरंजीच्या कडेला बसून ऐकत होतो. मला बोलता येत नाही असं नाही. पण राग आला की आधी माझा आवाज जातो, शब्द मागाहून येतात, आणि तोवर समोरचा माणूस पाणी पिऊन, चपला घालून निघून गेलेला असतो. म्हणून आता लिहितो आहे. लिहिताना कोणी उठून जात नाही.

कशातून सुटली, हे मला एकालाही विचारता आलं नाही. ताई कारंज्याच्या बसस्थानकात चौकशीच्या खिडकीत बसायची. कोणती गाडी कुठं लागली हे भोंग्यावरून सांगायची. तिचा आवाज सगळा तालुका ओळखत होता. तान्हेपणी पोलिओ झाला आणि दोन्ही पाय लुळे पडले, म्हणून लोखंडी पट्ट्यांचे बूट आणि कुबड्या; पुढे नोकरी लागल्यावर बाजूला दोन जास्तीची चाकं लावलेली स्कूटर. तिला भाजलेल्या शेंगा आवडायच्या, मोठ्यानं हसायला आवडायचं, आणि मी वाचनालयातून आणलेल्या प्रत्येक कादंबरीचं शेवटचं पान ती आधी वाचायची. मी ग्रंथपाल आहे, मला त्याचा त्रास व्हायचा. आईच्या गोळ्या, आईचं डोळ्याचं ऑपरेशन, आईचं देवदर्शन, सगळं तीच पाहायची. आईच्या मागं तिचं कोणी करायचा प्रश्नच नव्हता; ती गेल्यावर आईचं कोण करणार, हा होता. तो प्रश्न एकालाही पडला नाही. साध्या तापाचं निमित्त झालं, छातीत कफ भरला, आणि ती गेली. असं कुणाचंही होतं. धडधाकट माणूस असा गेला तर लोक हळहळतात, अकाली गेला म्हणतात. ताई सुटली.

एकच माणूस वेगळं बोलला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका जैन शेटजींचं कापडाचं दुकान आहे. दुकानाच्या उंच पायरीवरून ताईचं त्यांच्याशी वर्षानुवर्षं भांडण होतं. ती स्कूटर रस्त्यात उभी करून ओरडायची, "शेटजी, दुकान जमिनीवर आणा, नाई तं कापड खाली फेका." शेटजी आले, आईला हात जोडले आणि म्हणाले, "अब मैं किससे झगडा करूं, बाई?" त्या दिवसांत मला रडू आलं ते तेवढ्याच वेळी.

महिना-दीड महिना गेला असेल. एका सकाळी मुख्याध्यापकांचा फोन आला. कामरगावच्या पुढं आमचं मूळ गाव आहे, तिथल्या शाळेचे. ती माझी आणि ताईची शाळा. हे मुख्याध्यापक नवे, वयानं माझ्याहून लहान, उत्साही आणि बोलायला गोड.

"सर, तुमच्या ताईच्या नावानं आमी व्याख्यानमाला सुरू करून राह्यलो. प्रेरणा व्याख्यानमाला. अपंगत्व, समानता, सन्मान, हे विषय पोरायच्या कानावर गेले पाह्यजे. पहिलं पुष्प तुमी गुंफायचं."

मी म्हणालो, "मला भाषण येत नाही."

"दहा मिनिटं सर. तिचा संघर्ष सांगा. पोरायले प्रेरणा भेटली पाह्यजे, बस."

मी हो म्हणालो. का म्हणालो ते सांगतो, पण त्यासाठी मला मागं जावं लागेल.

आमच्या शाळेत रोज सकाळी मैदानावर परिपाठ व्हायचा, अजूनही होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, बोधकथा. सगळ्यांनी वर्गवार रांगा करून उभं राहायचं. ताईला फार वेळ उभं राहवत नसे, म्हणून पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी तिला सांगितलं, "तू बस इथं. दप्तरायवर लक्ष ठेव." यात कुणाला काही वाईट वाटलं नाही. उलट घरी कौतुक झालं, गुरुजींनी पोरीवर जबाबदारी टाकली म्हणून. आणि मग दर सकाळी, सगळी शाळा मैदानावर आणि ताई वर्गात, टाटपट्टीवर, खिडकीखाली, दप्तरांच्या राशीत. झेंडावंदनालाही. स्नेहसंमेलनालाही. सहल निघाली तेव्हा सहलीला न जाणाऱ्यांची दप्तरं तिच्यापाशी. सातवी होईपर्यंत हेच. बाहेरून प्रतिज्ञा सुरू झाली की ती आतून मोठ्यानं म्हणायची, इतक्या मोठ्यानं, की रांगेतली पोरं हसायची आणि गुरुजी खिडकीकडे बघून बोट ओठांवर ठेवायचे.

त्या प्रतिज्ञेत सगळे देशबांधव आहेत. फक्त एक जण दप्तरं राखतो आहे. ही गोष्ट मी पुस्तकात वाचलेली नाही. मी त्या रांगेत उभा होतो.

शाळांमधून ताईला बोलावणी येऊ लागली ती नोकरी लागल्यानंतर काही वर्षांनी. एक शिक्षक रोज तिच्या खिडकीवरून गाडीची चौकशी करायचे. त्यांना तिचा आवाज आणि तिचा हजरजबाबीपणा आवडायचा. त्यांनीच पहिल्यांदा बोलावलं. मी सोबत होतो. स्टेज उंच, पायऱ्या अरुंद. ताई काही म्हणायच्या आत वरच्या वर्गातल्या चार मुलांनी तिला खुर्चीसकट उचललं आणि वर नेऊन ठेवलं. खाली टाळ्यांचा कडकडाट. कुणीतरी शिट्टीही मारली. खुर्ची जरा तिरकी झाली होती, ताईनं दोन्ही हातांनी तिचे दांडे घट्ट धरले होते आणि साडीचा काठ गुडघ्यावर गेला होता. तो तिला सगळ्यांसमोर नीट करावा लागला. मग शाल, नारळ, आणि माईक.

ताई म्हणाली, "मी अजून काहीच बोलली नाई. टाळ्या कायच्या झाल्या?"

पोरं गोंधळली. ती म्हणाली, "गव्हाचं पोतं वर चढवलं तं टाळ्या वाजवता का?"

त्या दिवसानंतर तिनं अटी घातल्या. स्टेजवर जाणार नाही, सगळे जिथं असतील तिथं बसेन. शाल नको. आणि बोलायला सुरुवात करण्याआधी ती एक प्रश्न विचारायची. "सगळे आले का?"

शिक्षक म्हणायचे, "हो मॅडम, सगळे."

"दप्तरांपाशी कोण बसलं आहे?"

प्रत्येक शाळेत कोणीतरी बसलेलं असायचं असं नाही. पण फार शाळांमध्ये असायचं. मग शिक्षक एकमेकांकडे बघत. एकदा शिरपूरच्या बाजूच्या एका गावात एक बाई हळूच ताईच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आहे एक जण, पण त्याले काई समजत नाई मॅडम." ताई माईकमधूनच म्हणाली, "अर्ध्या लोकायले माहं भाषण समजत नाई, तरी ते बसतेच नं. आणा त्याले. मी थांबते." आणि ती थांबली. शेंगांची पुडी काढून शेंगा खात बसली. ऊन चढत होतं, मुख्याध्यापक घड्याळ बघत होते, पोरं चुळबुळत होती. शेवटी एक दांडगा मुलगा आपल्या वर्गमित्राला पाठीवर घेऊन आला. दोघंही हसत होते. त्या पोराला खरंच फारसं समजत नसावं, पण सगळा वेळ तो ताईच्या कुबडीचं रबरी बूच दाबून बघत होता, आणि ताईनं त्याला बघू दिलं.

तिच्या भाषणात संघर्ष नसायचा. ती पोरांना विचारायची, "तुमच्या शाळेत मले जाता येणार नाई अशी जागा कोणती?" पोरं चढाओढीनं सांगायची. प्रयोगशाळा. संडास. पाण्याची टाकी. वरचा वर्ग. "मंग मी दिवसभर लघवी दाबून बसू का?" असं ती विचारायची. पोरं आधी हसायची, मग गप्प व्हायची. पोरं गप्प झाली की शिक्षक अस्वस्थ व्हायचे. एकदा चहाच्या वेळी एक जण तिला नव्हे, मला म्हणाले, "मॅडमना सांगा नं, थोडं प्रेरणादायी बोलायला." ती समोरच बसली होती. ताई कुठंही गेली तरी लोक तिच्याविषयी मला विचारायचे. यांना चहा चालतो का, यांना बाहेर जायचं आहे का. मी ठरलेलं उत्तर द्यायचो, "तिला विचारा." माझं सगळं वक्तृत्व एवढंच होतं.

तर मी हो म्हणालो ते त्या खोलीसाठी. ज्या शाळेनं तिला दप्तरांपाशी बसवलं त्या शाळेत कोणीतरी तिचा प्रश्न विचारायला हवा होता. ताईला तिथून कधी बोलावणं आलं नव्हतं. ती असताना ते आलं असतं तर तिनं शेंगा खात खात त्या शाळेची पार फजिती केली असती. आता ती नव्हती, आणि तिच्या नावाची माळ सुरू होत होती. तिचं काय करायचं हे आता दुसरे ठरवणार होते. मला एवढंच राखायचं होतं, की तिचं भलतंच काही होऊ नये.

सकाळच्या गाडीनं मी कामरगावला उतरलो आणि तिथून जीपनं गावात गेलो. मैदानावर मांडव होता. स्टेजवर मोठा फ्लेक्स. मी जवळ गेलो आणि तिथंच थांबलो.

फ्लेक्सवर ताई होती. कुठल्याशा कार्यक्रमातला तिचा उभा फोटो मी ओळखला, कारण तो मीच काढला होता. त्यात तिच्या दोन्ही काखांत कुबड्या होत्या. इथं त्या नव्हत्या. कुबड्या पुसून टाकल्या होत्या, हात मोकळे लोंबत होते आणि पाठीला दोन पांढरे पंख लावले होते. मागं निळं आकाश. खाली मोठ्या अक्षरांत, अपंगत्वावर मात करून उंच भरारी.

मुख्याध्यापक माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "चांगला झाला नं सर? कारंज्यावरून करून आनला."

"कुबड्या कुठं गेल्या?"

"काढल्या सर. त्या असल्या की फोटोत थोडं दुःख दिसे. पोरायपुढं पॉझिटिव्ह गेलं पाह्यजे."

ते मनापासून बोलत होते. हीच अडचण आहे. वाईट माणसावर रागवायला वेळ लागत नाही, आणि तो राग लवकर उतरतोही. चांगल्या माणसांवरचा राग शोधावा लागतो, आणि एकदा सापडला की तो जात नाही. ती दोन लाकडं तिनं जन्मभर काखेत वागवली. तिच्या काखेत त्यांचे घट्टे होते. बसस्थानकावर पाण्याचा डबा उलटला की ती कुबडीनंच तो सरळ करायची, कुत्री हाकलायची, माझ्या पाठीत टोचून मला उठवायची. ते तिचं दुःख नव्हतं, ते तिचं चालणं होतं. ते काढून टाकलं आणि त्या जागी जे कोणालाच नसतं ते लावलं. मेल्यावर माणसाला अजून किती सुधारायचं असतं?

माझा आवाज गेला होता.

कार्यक्रम सुरू झाला. मला वर बसवलं. हार, उदबत्ती, स्वागतगीत. सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडम ताईविषयी बोलू लागल्या. नियतीनं पाय हिरावले, पण तिनं हार मानली नाही, कुणापुढं हात पसरला नाही, तिनं आकाशाला गवसणी घातली. ताईला यातलं एक वाक्यही ओळखू आलं नसतं. समोर पोरं रांगांत बसली होती, वर्गवार. मी त्यांच्या डोक्यांवरून पलीकडे पाहिलं. आमची जुनी खोली अजून तशीच होती, फक्त रंग नवा. दार अर्धवट उघडं. खिडकीत काहीतरी हललं.

मी उठलो. मॅडम बोलता बोलता थांबल्या, मग त्यांना वाटलं असावं की मला बाहेर जायचं आहे, आणि त्या पुढं बोलू लागल्या. मी पायऱ्या उतरलो आणि मैदानाच्या कडेनं खोलीपाशी गेलो. दाराला तीच जुनी लोखंडी कडी होती, लोंबत.

आत भिंतीला लागून दप्तरांच्या ओळी, आणि खिडकीशी बाकावर एक मुलगी. सहावीतली असावी. एक हात छातीशी आखडलेला, पावलं आत वळलेली, मान जराशी कललेली. तिचे शब्द ओढत ओढत यायचे, पण स्पष्ट होते.

"कोन पाह्यजे?"

"कोणी नाही. पाहायला आलो."

"दप्तरायले हात लावू नका. मांगं एक जन असाच पाहाले आलता. एका पोट्टीचा कंपास गेला, अन् नाव माह्यावर आलं."

"नाही लावत. तू काहून नाही गेली बाहेर?"

"मले ऊन लागते."

"लागते का खरंच?"

मी जरा मठ्ठ असल्यासारखं तिनं माझ्याकडे पाहिलं. "कोनाले नाई लागत?"

मी दुसऱ्या बाकावर बसलो. बाहेरचा भोंगा आत नीट ऐकू येत होता. मी विचारलं, "कायचं भाषण चालू आहे?"

"एक बाई मेली. लय हिंमतवाली होती. पाय नोते तिले, तरी उडे म्हनते."

"पाय होते तिला. चालत नव्हते."

"मंग असं सांगा नं बाप्पा."

"ती माही बहीण होय."

ती म्हणाली, "मंग तुमी इथं काय करून राह्यले? तिकडं हार घालून राह्यले तिले."

"ती इथं बसे. याच खोलीत, दप्तरांपाशी."

"कोन्या बाकावर?"

"तवा बाक नव्हते. तिथं, खिडकीखाली, खाली पट्टीवर."

तिनं वाकून त्या जागेकडे पाहिलं, तिथं कोणी असल्यासारखं. आणि विचारलं, "मंग तिले उठवलं कोनं?"

मी खरं ते सांगितलं. "कोणीच नाही. सातवी होईलोक बसली."

"माही सहावी हाय," ती म्हणाली.

बाहेर मॅडम माझं नाव पुकारत होत्या. मनोगतासाठी. मी तिला विचारलं, "यायचं का?"

"उचलाचं नाई."

"नाही उचलत."

"धरून येते मी, पन येळ लागते. घाई कराची नाई."

"नाही करत."

"कंपास गेला तं नाव तुमचं."

"माझं."

तिनं माझा दंड धरला. मैदान काही मोठं नाही, पण तिच्या चालीनं ते ओलांडायला वेळ लागला. एक पाय ओढायचा, थांबायचं, तोल सावरायचा, दुसरा. मॅडम बोलायच्या थांबल्या. पोरं मागं वळून बघू लागली. मला घाई नव्हती. खूप वर्षं मी त्याच वेगानं चाललो होतो, आणि दीड महिन्यात मला त्याची सवय मोडवत नव्हती.

आम्ही अर्ध्यात आलो तेव्हा मुख्याध्यापकांनी माईक हातात घेतला. "पाहा विद्यार्थी मित्रहो. प्रेरणा कशाला म्हणतात ते पाहा. व्याख्यान सुरू होण्याआधीच आपल्या विद्यार्थिनीच्या मनात ज्योत पेटली. जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत."

सगळी शाळा टाळ्या वाजवू लागली. मुलगी थांबली आणि तिनं कष्टानं मान मागं वळवली.

"कोन आलं?" तिनं मला विचारलं.

मागं कोणी नव्हतं. फाटकही बंद होतं.

मी तिला पहिल्या रांगेजवळ खुर्चीवर बसवलं. स्टेजवर गेलो नाही. खालूनच हात पुढं केला आणि मुख्याध्यापकांनी हसत हसत मला माईक दिला. त्यांना वाटलं आता संघर्ष सुरू होईल. मी लिहून आणलेला कागद खिशातच राहिला. माझा आवाज आला होता, फार मोठा नाही, पण आला होता.

मी पोरांना विचारलं, "ही रोज परिपाठाला कुठं असते?"

एका सुरात उत्तर आलं. "दप्तरांपाशी."

"काहून?"

आता वेगवेगळी उत्तरं. तिले ऊन लागते. तिले उभं राहता येत नाई. चोर येते सर. मागून एक बारीक आवाज, "सरनं सांगतलं." त्यावर सगळे हसले.

"तुम्ही आता बसले आहे, का उभे?"

"बसले."

"मग हिला बसता येत नाही का?"

कोणी हसलं नाही. मुख्याध्यापक खाली आले होते, माझ्या कोपराला हात लावत होते, दबक्या आवाजात म्हणत होते, "सर, विषयावर या." मी विषयावरच होतो. मी शेवटचं विचारलं, "तिला कोणी विचारलं होतं का?" आणि वाट पाहिली, ताई पाहायची तशी. शेंगा नव्हत्या माझ्याकडे. मग मी माईक त्यांच्या हातात परत दिला.

आणि मी स्टेजवर गेलो, फ्लेक्स सोडायला. तो बांबूंना सुतळीनं बांधला होता, गाठी पक्क्या होत्या. कोणी मदत केली नाही, कोणी अडवलंही नाही. खालून खुर्चीतून आवाज आला, "खालची गाठ आधी सोडा. नाई तं अंगावर पडीन." मी खालची गाठ आधी सोडली. पंखांची घडी केली, आकाशाची घडी केली, आणि ती वळकटी काखेत घेऊन निघालो. हार घातलेला लहान फोटो टेबलावर होता, तोही मी उचलला. तो त्यांचा होता. परत केलेला नाही.

संध्याकाळी मुख्याध्यापकांचा फोन आला. आवाज दुखावलेला होता.

"सर, तुमच्याच ताईसाठी केलं होतं आमी. तुमी आमाले पोरायपुढं उघडं पाडलं."

"मी काही सांगितलं नाही. पोरांनी सांगितलं."

"तिच्या भल्यासाठीच बसवतो तिले. पडली-झडली तं जबाबदारी कोनाची?"

"तिला विचारा."

"लहान आहे ती सर. तिले काय समजते?"

"ऊन कुणाला लागतं, ते समजतं तिला," मी म्हणालो.

त्यांनी फोन ठेवला. व्याख्यानमाला पुढं झाली नाही. गावात मी बहिणीच्या दुःखानं डोक्यावर परिणाम झालेला माणूस आहे, असं आईच्या कानावर आलं. आईनं विचारलं, "काय केलं रे तू?" मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तिनं याहून जास्त केलं असतं." आणि औषधाच्या गोळ्या स्वतःच काढून घेतल्या.

सोमवारी आमचं वाचनालय बंद असतं. पुढच्या सोमवारी मी सकाळच्या गाडीनं गेलो आणि परिपाठाच्या वेळी शाळेच्या फाटकाबाहेर उभा राहिलो. मुख्याध्यापकांनी मला पाहिलं. एक शिक्षक लगबगीनं खोलीकडे गेले, मुलीला धरून घेऊन आले आणि रांगेच्या टोकाला खुर्चीत बसवलं. म्हणजे तोवर ती आतच होती. त्याच्या पुढच्या सोमवारीही तेच. मी दिसलो की ती बाहेर, नाही तर आत. शाळेला लाज होती, पण माझ्या येण्याजाण्याएवढीच. परिपाठ संपल्यावर ती फाटकाशी आली, तिच्या वेळानं.

"तुमी सोमवारीच येता."

"बाकी दिवस मला काम असतं."

"बाकी दिवस मी दप्तरायपाशीच असते." मग ती म्हणाली, "मी सांगू का सरले? नाई बसत म्हनून?"

"सांग."

"रागावतीन."

"रागावू दे."

तिनं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते तिच्या मानेवरून कळत नाही, आणि ती वळून गेली.

त्यानंतरच्या सोमवारी मला उशीर झाला, जीप मिळाली नाही. मी पोचलो तेव्हा परिपाठ सुरू होता आणि ती रांगेत खुर्चीवर बसून सगळ्यांपेक्षा मोठ्यानं प्रतिज्ञा म्हणत होती. शब्द ओढले जात असल्यामुळं सगळ्यांची प्रतिज्ञा संपल्यावरही तिची चालू होती, आणि पुढचं सुरू व्हायला ती संपेपर्यंत थांबावं लागत होतं. कोणी ओठांवर बोट ठेवलं नाही.

मुख्याध्यापक फाटकापर्यंत आले. त्यांनी मला आत बोलावलं नाही.

"तुमी शिकवलं तिले," ते म्हणाले. "साऱ्या वर्गासमोर म्हनली, नाई बसत. दोन दिवस झाले."

"मग दप्तरांपाशी कोण बसतं?"

त्यांनी खोलीकडे पाहिलं, मग दुसरीकडे.

"कोनीच नाई," ते म्हणाले. "कडी लावतो."

ती कडी ताईच्या वेळीही त्या दाराला होती.